उसनी हाक

"आता तू कोण आहेस ते सांग," ताई म्हणाली.

"मी सहावी ब."

"ते शाळेत. इथे?"

मुलगा डोकं खाजवत राहिला. मग शेडमधल्या वासराकडे बोट करून म्हणाला, "काळ्याचा मालक."

"मालक नाही. काळ्याचा कोण?"

"काळ्याचा... मीच."

"बस खाली. जवळपास आलास."

०

शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस स्क्रू ओठांत धरून बोलतो. त्याच्या बायकोला अर्ध्या शब्दावरून पूर्ण वाक्य ओळखायची सवय होते.

०

वासराचे कान आधी वळतात. डोळे नंतर.

०

भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे: आपलं जनावर, आपली हाक. त्या भिंतीला ओल आहे. अक्षरांचे पोपडे निघतात आणि मुलं ती पुन्हा रंगवतात, त्यामुळे दर खेपेला अक्षरं थोडी जाड होतात.

०

कुंपणाबाहेर एक बाई उभी आहे. ती आत बघत नाही, रस्त्याकडेही बघत नाही. तिच्या अंगाला वाफेचा आणि खळीचा वास येतो.

०

हळू नावाची मुलगी गेली त्या दिवशी मंडळाला सुट्टी नव्हती. वासरांना रोज भूक लागते.

०

ताई ज्या मंडळात शिकवायची त्याचं नाव बाल शेतकरी मंडळ. शाळा सुटली की मुलं तिथे यायची, कपडे बदलायची आणि आपापल्या वासराकडे जायची. ताईच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं आणि त्यात 'मूल्यशिक्षण' असा शब्द होता. शेड सांभाळणारे गवळीकाका त्या शब्दावर टपून बसलेले असायचे.

"काय ताई, आज कोणतं मूल्य?"

"श्रम."

"मग ते शेण अजून तिथंच कसं काय?"

"ते उद्याचं मूल्य आहे, काका. आज तुम्ही उचला."

असं रोज चालायचं. दोघांनाही त्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

मंडळाची एक जुनी पद्धत होती. वासरू हाती आलं की पहिल्या काही दिवसांत प्रत्येक मुलाने स्वतःची हाक शोधायची. ती दुसऱ्या कोणाच्या हाकेसारखी चालायची नाही. कोणी शीळ घालायचं, कोणी जीभ टाळ्याला लावून टकटक करायचं, एका मुलीची हाक नुसतीच लांब शिंक होती. वासराला खायला द्यायच्या आधी ती हाक मारायची, रोज. वर्षाच्या शेवटी परीक्षा. मैदानाच्या एका टोकाला सगळी वासरं मोकळी सोडायची, दुसऱ्या टोकाला मुलं ओळीत उभी करायची आणि सगळ्यांनी एकदम हाका मारायच्या. त्या गोंगाटातून प्रत्येक वासराने आपल्या माणसाकडे जायचं. जे गेलं ते मंडळात राहायचं. जे गेलं नाही त्याला ट्रकमध्ये घालून मोठ्या फार्मवर परत पाठवायचे, आणि तिथून पुढे ते कुठे जायचं हे मुलांना कोणी सांगत नसे. मुलं विचारतही नसत.

ताई हाकेचा तास जीव ओतून घ्यायची. "तुमचं नाव घरच्यांनी ठेवलं. हजेरीचा नंबर शाळेने दिला. हाक मात्र तुमची तुम्हीच शोधायची. ती उसनी घ्यायची नाही आणि उसनी द्यायचीही नाही. वासराला अंधारातही कळलं पाहिजे की ही मीच आहे."

हे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलली होती की मागच्या रांगेतला लंबू तिच्यासोबत ओठ हलवायचा.

०

हळूला हळू म्हणायचे, कारण ती सगळंच हळू करायची. बोलणं, चालणं, बादली भरणं. तिच्या वासराच्या कपाळावर पांढरा डाग होता, म्हणून ती ठिपकी. हळूची हाक अशी होती: जिभेचे दोन टक्, मग एक लांब 'होऽऽ', आणि त्याच्या मागून 'ये', पण तो 'ये' पूर्ण नाही. काहीतरी आठवलं म्हणून माणूस बोलता बोलता थांबतो तसा तो निम्म्यात गिळलेला.

हळू तापाने गेली. दवाखान्यात नेली होती. उशीर झाला होता असंही कोणी म्हणालं नाही. ती फक्त गेली.

ठिपकीपुढे गवळीकाकांनी चारा टाकला. तिने त्याला तोंड लावलं नाही. पेंड भिजवून दिली, ती वाळून गेली. "पोटात काही नाही तिच्या," काका म्हणाले, "आणि दुखणंही नाही. ती वाट बघतीय."

त्याच आठवड्यात एका दुपारी ताई कचेरीच्या खोलीत पाय पसरून बसली होती. मुलं नुकतीच आली होती. शेडमधून दोन टक् ऐकू आले. मग लांब 'होऽऽ'. मग तो गिळलेला 'ये'.

 ताई उठली नाही. काही क्षण तिला मनापासून वाटलं की आपण उठलो नाही तर हे असंच चालू राहील, आणि चालू राहिलेलं बरं.

मग ती उठून गेली. ठिपकी खात होती. आजूबाजूला मुलं आपापल्या कामात होती, जरा जास्तच.

"कोणी मारली?"

"काय, ताई?" चष्मिस म्हणाला.

"हाक."

"मी नाही."

"मी पण नाही," बडबडी म्हणाली. "मी तर पाणी आणायला गेलेले, विचारा याला. आणि मला येतसुद्धा नाही ती, माझा 'होऽऽ' फाटतो. म्हणजे, फाटत असेल. मारली तर."

लंबूने तिला कोपराने ढोसलं.

 वासरू खातंय ना, मग जाऊ दे, असं ताईने ठरवलं. त्यानंतर हाक रोज यायची. कधी पाण्याच्या टाकीच्या बाजूने, कधी गवताच्या गंजीमागून. प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून आणि प्रत्येक वेळी तीच. फाटलेली नाही, जाड नाही, मुलाची नाही. हळूची. शेडच्या दारात उभं राहून ऐकलं तर ती मुलगी भिंतीभिंतीने फिरतेय असं वाटायचं.

आणि कुंपणाबाहेर ती बाई दिसू लागली.

०

ती हळूची आई. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. दुपारी तिला थोडी सुट्टी असायची, ती वेळ ती कुंपणाशी उभी राहून घालवायची. ताई एकदा तिच्याकडे गेली. काय बोलायचं हे तिने वाटेत जुळवलं होतं.

"आत या ना. बसा जरा. ठिपकी चांगली आहे."

"इथेच बरी आहे मी."

"ते जे ऐकू येतं ना तुम्हाला..."

"ताई," बाई म्हणाली, "कोण मारतं ते मला सांगू नका."

"मी फक्त..."

"मला माहितीय ती नाहीये. मी काय वेडी नाही. मीच आंघोळ घातली तिला शेवटची. पण कोण मारतं ते नका सांगू. एकदा तोंड दिसलं ना, की मला त्या तोंडाचाच आवाज ऐकू येईल."

ताईने मान हलवली. बाईने हात कुंपणाच्या तारेवर ठेवला होता. बोटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने, गुळगुळीत डाग होते.

०

परीक्षा जवळ आली तशी एक गोष्ट बिघडत चालली.

चष्मिसने शीळ घातली तर त्याचं वासरू मान वर करेना. शिंक मारणाऱ्या मुलीची कालवड तिच्याकडे पाठ करून उभी. पण हळूची हाक आली की शेडमधली सगळी माथी एकदम उचलली जायची. कान आधी, डोळे नंतर. सगळे एकाच दिशेला.

मुलांनी पाळ्या लावल्या होत्या, हे उघड होतं. ज्याची पाळी तो ठिपकीला हाक मारून खायला घालायचा, आणि तीच हाक तोंडात बसल्यामुळे आपल्या वासरालाही नकळत तीच मारायचा. वासरांना वाटू लागलं होतं की खायला देणारा आवाज हा एकच.

"एक सांगू ताई?" गवळीकाका म्हणाले. आज त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "परीक्षेत ही सगळी दावण एकाच जागी जाऊन उभी राहणार. आणि त्या जागेवर कोणी असणार नाही. मग ट्रक भरून जाईल."

ताईने मुलांना समोर बसवलं.

"तुम्ही जे केलंत ते मायेने केलंत. मला कळतं. पण आजपासून बंद. ज्याने त्याने आपलीच हाक मारायची."

"मग ठिपकी?" लंबूने विचारलं.

"ठिपकीचं मी बघते."

"उपाशी राहील ती."

"म्हटलं ना, मी बघते."

"ताई," शिंकवाली मुलगी हळूच म्हणाली, "मला माझी आठवतच नाहीये."

कोणी हसलं नाही. मग एकेकाने आपापली हाक पुटपुटून बघितली. काहींना ती चटकन सापडली. काहींना शेजाऱ्याने आठवण करून द्यावी लागली. चष्मिस पाच-सहा वेळा नुसती हवाच फुंकत राहिला.

मुलांनी शब्द पाळला. तीन दिवस शेडमध्ये हाक आली नाही. तीन दिवस ठिपकीने तोंड उघडलं नाही. कुंपणाशी बाई येऊन उभी राहायची आणि तशीच परत जायची.

चौथ्या दिवशी दुपारी, मुलं यायच्या आधी, ताई शेडमध्ये गेली. गवळीकाका बाहेर गंजीला टेकून डुलक्या काढत होते. ती ठिपकीसमोर उभी राहिली आणि तिने आधी स्वतःची हाक शोधायचा प्रयत्न केला. तिला कधी वासरू मिळालं नव्हतं. ती नोकरीला लागली तेव्हा थेट शिकवायलाच लागली. तिने शीळ घालून पाहिली, टाळी वाजवून पाहिली, "ये गं बाई" म्हणून पाहिलं. ठिपकी तिच्याकडे बघत राहिली, रिकाम्या खोलीकडे बघावं तशी.

मग ताईने जीभ टाळ्याला लावली. दोन टक्. लांब 'होऽऽ'. आणि 'ये', निम्म्यात गिळलेला.

ती इतकी हुबेहूब आली की ताईने दचकून मागे पाहिलं.

ठिपकीने मान खाली घातली आणि खायला लागली. शेडच्या फटीतून कुंपण दिसत होतं. बाईने तार घट्ट धरली होती.

०

"ताई, मी तुम्हाला एक गंमत सांगू?" बडबडीने शनिवारच्या तासाला हात वर केला. त्या दिवशीचा विषय खरं बोलणं हा होता. "आम्ही कोणी मारत नाही तरी ठिपकी खाते."

"बरं."

"आणि काल मी लवकर आले, तर मला शेडमधून ऐकू आली. हाक."

"वारा असेल."

"वाऱ्याने ठिपकी खाते?" लंबूने विचारलं.

ताईने फळ्याकडे वळून खडू घेतला. फळ्यावर 'खरं' एवढंच लिहिलेलं होतं. पुढे काय लिहायचं होतं ते तिला सुचेना. मागे मुलं एकमेकांकडे बघतायत हे तिला ठाऊक होतं.

०

घरी ताई नवऱ्याला चहाला हाक मारायची तेव्हा नेहमी एकच शब्द वापरायची.

"अहो."

तो आतल्या खोलीत मशीन उघडून बसला होता. त्याने ओठांतला स्क्रू काढला.

"अगं, दारात कोणी पोरगी आलीय का बघ."

"कोणी नाही आलं. मी हाक मारली."

"तू?" तो बाहेर येऊन तिच्याकडे बघू लागला. "परत म्हण."

"अहो."

'हो' लांबला आणि शेवट गिळला गेला. तिने तो गिळला नव्हता. तो आपोआप आत गेला.

"घसा बसलाय तुझा," नवरा म्हणाला. "मिठाच्या पाण्याने गुळण्या कर." पण चहा पिताना तो तिच्याकडे न बघता कपाकडेच बघत राहिला. त्यानंतर काही हवं असलं की तो स्वतःच उठून यायचा. तिला हाक मारायची वेळच येऊ देत नसे.

०

परीक्षेच्या आदल्या दुपारी ताई कुंपणाशी गेली.

"उद्या येऊ नका," ती म्हणाली.

"का?"

"गर्दी असेल. साहेब येतात, गोंगाट असतो नुसता."

बाईने तिचं बोलणं ऐकता ऐकता डोळे मिटले होते. ती शब्द नाही, आवाज ऐकतेय हे ताईच्या लक्षात आलं.

"मी बघेन काय ते," बाई म्हणाली.

०

परीक्षा घ्यायला येणारा साहेब चांगला माणूस होता. त्याने मुलांची विचारपूस केली, एका वासराच्या गळ्याखाली खाजवलं, ट्रकवाल्याला लांब सावलीत थांबायला सांगितलं. मुलं ओळीत उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, पण चष्मिस आणि शिंकवालीच्या मध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती.

गवळीकाकांनी दावी सोडली. मुलांनी हाका मारल्या. शिळा, टाळ्या, टकटक, शिंका. वासरं आधी गोंधळली, एकमेकांवर आपटली, मग एकेक फुटून निघालं. काळ्या आपल्या मुलाच्या छातीला डोकं लावून थांबला. चष्मिसचं वासरू शेवटी आलं, पण आलं. मुलांनी आपापली दावी हातात घेतली.

ठिपकी मैदानाच्या मध्यावर एकटी उभी होती. सगळं शांत झाल्यावर ती चालू लागली. ती ओळीपाशी आली, सोडलेल्या जागेत शिरली आणि वळून मुलांसारखीच साहेबाकडे तोंड करून उभी राहिली.

शिंकवाली मुलगी तिच्यापासून किंचित बाजूला सरकली. कोणाला तरी जागा करून द्यावी तशी.

"हे कोणाचं?" साहेबाने विचारलं.

मुलं ताईकडे बघू लागली.

"एका मुलीचं होतं," ताई म्हणाली. "ती गेली."

"अरेरे." साहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली. "पण ताई, हे हाकेला आलं नाही. नुसतं येऊन उभं राहिलं. असं सोडलं तर उद्या बाकीचे मला विचारतील."

"हाकेला येते ती."

"कोणाच्या?"

कुंपणाबाहेर बाई उभी होती. चेहरा थेट मैदानाकडे. ताईला ठिपकी दिसत होती, ट्रकचं उघडलेलं मागचं फळकूट दिसत होतं आणि बाईचे डोळे दिसत होते. तिने तोंड उघडलं तर वासरू राहणार होतं आणि बाईला तोंड कळणार होतं. तिने नाही उघडलं तर बाईकडे आवाज राहणार होता, पण त्या आवाजाला येणारं कोणी उरणार नव्हतं.

"कोणाच्या हाकेला, ताई?"

"माझ्या," ताई म्हणाली.

लंबूने खाली बघितलं. 

"मग मारा. मंडळातलं कोणीही चालेल मला. लांबून मारा पण."

गवळीकाकांनी ठिपकीला दाव्याने धरून मैदानाच्या पार पलीकडे नेलं. ताई त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली. चष्मिस तिच्या एका बाजूला, शिंकवाली दुसऱ्या. तिने कुंपणाकडे पाहिलं.

बाई तिच्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं.  मग तिने तारेवरचे हात काढले, अंगावरचे कपडे सारखे केले आणि वळली. मैदानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ती ताठ उभी राहिली.

ताईने तोंड उघडलं.

दोन टक्. लांब 'होऽऽ'. गिळलेला 'ये'. तो आवाज आपल्याच घशातून निघाला की नाही, हे तिला पुढे कधीही खात्रीने सांगता आलं नाही. ओळीतली सगळी वासरं दाव्याला ताण देऊन तिच्याकडे वळली. वासरांबरोबर मुलांच्या मानाही वळल्या, आणि ती सगळी तोंडं तिच्याकडे नाही, तिच्या खांद्याजवळ थोडं खाली, एका लहान मुलीच्या उंचीवर बघत होती.

ठिपकी धावत आली. साहेबाने मान हलवली आणि ट्रकवाल्याला हात केला. फळकूट बंद झालं.

बाई वळली नाही. ट्रक तिच्यासमोरून रिकामा गेला तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली, एवढंच. मग ती तशीच, मागे न बघता, लाँड्रीच्या रस्त्याला लागली.

ताईचा हात ठिपकीच्या कपाळावर होता. "चला," ती मुलांना म्हणाली, "पाणी पाजायचं राहिलंय." मुलांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बादल्या उचलल्या.

ठिपकीसाठी हळूने केलेली ही पहिली हाक नव्हती. आधी तिने एक दुसरी करून पाहिली होती, चांगली मोठ्या आवाजातली. त्या हाकेला ठिपकीने कान दिला नाही, म्हणून हळूने ती सोडून दिली आणि ठिपकी जिला वळली ती ठेवली.